ताणकाटा

काट्याशी माझं जुनं वैर.
पहाटे होडी वाळूला लागली की
व्यापारी ताणकाटा घेऊन उभाच,
आणि त्याचा अंगठा आकड्याखाली कसा सरकतो
हे मला डोळे मिटूनही सांगता येतं.
शंभर ग्रॅमसाठी मी भांडलोय,
एकदा दात पाडून घेतलाय.

पोराचं वजन मात्र मला ठाऊक नव्हतं.

त्याचं नाव मासुझ्गो. आमच्या बोलीत, अडचणी.
तो जन्मला तेव्हा जाळं चोरीला गेलं होतं,
होडीच्या तळाला भोक होतं,
फायनेसनं समोर दिसलं ते नाव ठेवलं.
दीड वर्षाचा झाला. शांत.
उचललं की उचलू द्यायचा,
ठेवलं की ठेवल्या जागी.
शेजारी म्हणत, गुणी आहे हो.
आम्हालाही तसंच वाटायचं.

मग न्यागोंड्वे आली, सायकल ढकलत,
सरोवराकाठच्या वाळूत चाकं रुतत होती.
तिच्याकडे एक पट्टी : हिरवी, पिवळी, लाल.
मासुझ्गोच्या दंडाभोवती ती पिवळ्यावर थांबली,
लालपासून एका नखावर.
मग तिनं आंब्याच्या फांदीला काटा टांगला.
तसाच. तसाच गंजका आकडा.
निळ्या चड्डीत पोर लटकलं, हललं नाही.
काटा लगेच स्थिर. आठ किलो शंभर.

सगळ्या गावासमोर.
काय झालं मला, कळलं नाही,
माझा अंगठा उठला
आणि चड्डीच्या पट्ट्यावर हलकेच टेकला.
आठ चारशे.

न्यागोंड्वेनं पाहिलं. बोलली हळूच,
"लिहिते चारशे, हवं तर.
कागद फसेल. दंडाला कसं फसवशील?"
मी अंगठा काढला.

घरी येऊन तिनं भांड्यात डाव बुडवला, उचलला.
मक्याची पेज धारेनं गळाली.
"याचं पोट याच्या मुठीएवढं.
त्यात पाणीच भरलंत, तर जेवण कुठं ठेवायचं त्यानं?"
मग तिची नजर माचाकडे गेली.
बोटभर चंदेरी उसिपा, वाळत, हजारोंनी.
"हे कुणाचं?"
"बाजाराचं."
"सगळं?"

रात्रभर पाण्यावर दिवे लावून मी मासळी गोळा करतो.
दिव्याखालचा अंधार
माझ्याच चुलीपाशी बसून पेज पीत होता.

एक मूठ. एवढंच मागितलं तिनं.
फायनेसनं ती उखळात कुटली, काट्यांसकट,
हो, तेही काटेच.
शेंगदाण्याचं कूट घातलं, भोपळ्याचा पाला,
डावाला चिकटून राहील इतकी घट्ट पेज.
त्याची वाटी वेगळी,
थोरल्या भावांच्या हातांशी शर्यत नको.
दिवसातून पाचदा, थोडं थोडं.
तोंड फिरवलं तर थांबायचं, बोलायचं त्याच्याशी,
कोंबायचं नाही.
"पोर म्हणजे मक्याचं पोतं नव्हे," न्यागोंड्वे म्हणाली, माझ्याकडे बघून.

मला वाटलं, पंधरा दिवसांत मूठभर मांस चढेल.
पंधरा दिवसांनी आठ दोनशे.
महिन्यानं आठ चारशे, खरे, अंगठ्याविना.
मग मलेरिया. तापात वितळून
पुन्हा आठ शंभर.
त्या रात्री मी वाटी भिंतीवर आपटली.
फायनेसनं उचलली, धुतली, भरली.
पोचा तसाच आहे,
तो अजून त्याच बाजूनं खातो.

व्यापारी विचारतो, माल कमी का?
सांगतो, घरी एक गिऱ्हाईक लागलंय, उधारीवालं.
तो हसत नाही.

काल पुन्हा आंब्याखाली.
चड्डीत बसवलं तसा पायांनी हवा तुडवायला लागला,
न्यागोंड्वेचा रुमाल ओढला, वही पाडली.
काटा नऊवर, साडेआठवर, पुन्हा नऊवर,
थांबेचना.
"अहो, धरा त्याला," फायनेस ओरडली.
मी दोन्ही हात पाठीमागे घेतले.
न्यागोंड्वे पेन उघडून वाट बघत राहिली.
मागं बायकांची रांग वाढत होती.